पार्वताबाईंची परवानगी

अंबादास मेश्राम गोलमध्ये उभा असला की आमच्या वस्तीतली माणसं निवांत शेंगदाणे सोलत बसायची. चेंडू आत जाणारच नाही, मग जीव कशाला टांगणीला लावायचा? जबलपुरात हॉकी कळणाऱ्यांची वाण नव्हती, पण कारखान्याच्या मैदानावर विरुद्ध बाजूचे लोकही त्याचं नाव घेऊन ओरडत. कारखान्याने त्याला खेळण्यासाठीच घेतलं होतं. कागदावर फिटर, प्रत्यक्षात गोलकीपर. वडील डोमाजी वारल्यावर क्वार्टरही त्याच्याच नोकरीवर टिकलं होतं. म्हणजे खेळ सुटला की नोकरी सुटणार आणि नोकरी सुटली की डोक्यावरचं छप्पर. आई पार्वताबाई आणि मॅट्रिकला बसलेली बहीण हेमलता, दोघींना हे न सांगता ठाऊक होतं.

मी शेजारच्या ओळीत राहायचो. भंडाऱ्याकडचा खडीगंमतीचा नाच-गाण्याचा फड सोडून इकडे आलो होतो. कारखान्यातली पाळी संपली की जयंतीच्या मांडवासाठी नाटकं बसवायची, एवढीच रंगभूमी उरली होती. पण पडदा वर जाण्याआधीची भीती मी शेकडो वेळा भोगलेली. त्यामुळे एकोणसत्तरच्या उन्हाळ्यानंतर अंबादासच्या चेहऱ्यावर काय उमटलंय, ते मला लगेच कळलं. पोरगा घाबरला होता.

आणि तो कशानंतर घाबरला हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सागर शहराच्या संघाशी सामना होता. त्यांचा फॉरवर्ड अगदी अंगावर धावून आला आणि अंबादासने पॅडने चेंडू असा सणकून परतवला की तो थेट त्या पोराच्या तोंडावर बसला. शिट्टी वाजली नाही, चूक कोणाचीच नव्हती. मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. त्या पोराचा डोळा गेला हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं.

तेव्हापासून अंबादास बांधलेले पॅड सोडून पुन्हा पुन्हा बांधू लागला. सामन्याच्या दिवशी ताट तसंच सरकवून उठायचा. साधे साधे गोल होऊ लागले. संघातली मुलं चिडवायची, "क्यों महात्माजी, आज गेंद को नमस्कार करोगे क्या?" तो हसायचा, पण ते हसणं चेहऱ्यावर टिकायचं नाही.

पार्वताबाईंनीच उपाय काढला. दसऱ्यापासून विहारात श्रामणेर शिबिर होतं. दहा दिवस डोकं भादरून, चीवर नेसून राहायचं, दहा शीलं पाळायची आणि शेवटच्या दिवशी चीवर उतरवून घरी यायचं. वस्तीतली पुष्कळ मुलं बसायची. लग्न व्हायच्या आधी एकदा तरी पोराने बसावं असं घरोघरी वाटे.

"दादा, चीवर अंगावर आलं का भेव पळते," त्या मला म्हणाल्या. "डोकं थंडं होईन त्याचं. मंग खेळन पहिल्यासारका."

"अन् नाही खेळला तर?"

"असं काहून बोलता तुमी? शुभ बोला ना जी!"

दसऱ्याला विहारात भंतेजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "आईची अनुमती आहे का?" पार्वताबाई मागच्या रांगेतून एवढ्या मोठ्याने "हो जी, हो!" म्हणाल्या की सगळी माणसं हसली. त्यांनी घरून खीर करून आणली होती. अंबादासच्या तुळतुळीत डोक्याकडे बघून हेमलताने तोंडावर ओढणी धरली. मलाही भंतेजींनी सोडलं नाही. "नाटकवाले, तुम्ही कधी बसता? पण तुमचं नाच-गाण्याच्या शीलावरच अडेल!" त्या दिवशी कोणाच्याच मनात भीती नव्हती.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं विहारात पोचलो. पार्वताबाईंच्या पिशवीत इस्त्रीचा शर्ट-पँट आणि वर संघाचा निळा ब्लेझर होता. भोपाळची टूर्नामेंट होती आणि गाडी संध्याकाळची. संघाचे मॅनेजर भाऊराव फाटकाबाहेर जीप घेऊन उभेच होते. मुलं एकेक करून मागच्या खोलीत जात होती, आणि पँट चढवून, उघड्या डोक्यावरून हात फिरवत, लाजत बाहेर येत होती. आया त्यांचे गाल कुरवाळत होत्या.

हेमलता बघून आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माँ, भैया कपड़े नहीं बदल रहे."

"लाजत असन."

"नहीं माँ. बैठे हैं. बस बैठे हैं."

पार्वताबाईंनी माझा हात धरला. बर्फासारखा गार हात. "दादा, तुमाले बोलता येते. तुमी सांगा न त्याले."

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं खणखणीत म्हणत आलो होतो. हे वाक्य मला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. आम्ही आत गेलो. अंबादास भंतेजींच्या बाजूला मांडी घालून बसला होता. भंतेजी म्हणाले, "त्याला उपसंपदा घ्यायची आहे, बाई. कायमचं भिक्खू व्हायचं आहे. पण तुमच्या परवानगीशिवाय मी देणार नाही. दसऱ्याची परवानगी दहा दिवसांची होती. आज तुम्ही नाही म्हणालात, तर तो तुमच्याबरोबर घरी येईल. तसं त्याने कबूल केलं आहे."

म्हणजे सगळं त्यांच्या एका शब्दावर आलं. बाहेर भाऊराव जीपचा हॉर्न वाजवत होते.

पार्वताबाई खाली बसल्या. "एक सांग मले. चेंडूले भेऊन पळून राहिला का तू?"

अंबादासने मान वर केली. "चेंडूले नाही, माय. त्या दिवशी तो पोरगा खाली पडला, तोंड धरून लोळत होता. लोक टाळ्या वाजवत होते. अन् मले बरं वाटून राहिलं होतं. खूप बरं वाटून राहिलं होतं. त्याचं भेव वाटते मले."

टाळ्यांवर मी जन्म काढला. पण टाळ्यांबद्दल असं बोलताना मी कोणाला ऐकलं नव्हतं.

"मंग चीवरात भेव गेलं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नाही गेलं. वाढलं. इथं तर लपाले जागाच नाही. पण इथं त्याच्याकडे पाहता येते."

"अन् आमी? हेमाचं शिक्षण? घर?"

"मले माहीत आहे, माय. तू नाही म्हण. मी येतो. मनापासून येतो."

तो खरंच उठायच्या बेतात होता. चीवराच्या पदराला त्याने हातही घातला होता. तेवढ्यात पार्वताबाई म्हणाल्या, "बस." मग भंतेजींकडे वळून, दसऱ्याला साऱ्या विहाराला ऐकू गेलेला तो आवाज जेमतेम ओठांबाहेर काढत, "माझी परवानगी आहे जी. मले लय भेव वाटून राहिलं. पण परवानगी आहे."

चीवरधाऱ्याला वंदन करायच्या रीतीप्रमाणे त्या आपल्या मुलापुढे पंचांग प्रणाम करायला वाकल्या. उठताना त्या तोल जाऊन कलंडल्या. अंबादासचे दोन्ही हात विजेसारखे पुढे आले आणि तिथेच, हवेत, थांबले. अंगावर चीवर असताना स्त्रीला स्पर्श करायचा नसतो, आईलाही नाही. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. हेमलता पुढे झाली, पण पार्वताबाई जमिनीला हात टेकवून स्वतःच उठल्या.

फाटकाशी भाऊरावांनी आमच्या मागे बघितलं. "अरे, हीरो किधर है? गाडी सुटून जाईन ना बाई!"

पार्वताबाईंनी पिशवीतला ब्लेझर काढून त्यांच्या हातात दिला. "तो येत नाही जी आता. क्वार्टर कधी खाली करा लागन, तेवढं सांगा."

भाऊरावांनी ब्लेझरची घडी करून तो काखेत धरला. "घाबरू नका, बाई," ते म्हणाले. "काही तरी बघू."

"घाबरली तर आहोच मी," पार्वताबाई म्हणाल्या, आणि हेमलताचा हात घट्ट धरून उन्हातून चालू लागल्या.