शुक्रवारचं राज्य

नारपोलीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, म्हणून त्या दिवशी लाइट नीट असायची आणि कम्प्युटर मधेच बंद पडायचा नाही. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्या गाळ्याच्या वर कम्प्युटर क्लास होता. मी तिथे शिकवायचे. शुक्रवारी क्लास रिकामा असला की धाकटा भाऊ आणि मी राज्य चालवायला बसायचो. जुन्या राजांचा गेम होता तो. शेतं, विणकर, फौज, शेजारचे राजे, सगळं आपणच सांभाळायचं.

आमचं कधी पटलं नाही. त्याला फक्त लढाई कळायची. मी म्हणायचे, फौज काय हवा खाऊन लढणार? आधी कोठार भर. "तू बस विणत. शत्रू आला की त्याला चादर पांघरव," तो म्हणायचा. खरं तर त्या गेममधली लढाई अगदीच पोरकट. ज्याची माणसं जास्त, तो जिंकला. डोकं लागायचं ते कारभाराला. एक विणकर वाढवला की शेतातलं एक माणूस कमी व्हायचं. भावाच्या टाळक्यात हे कधी शिरलं नाही.

एका शुक्रवारी बाबा वर आले. खाली त्यांचे चार लूम, त्यावरच आमचं घर चालायचं. मंदी आली होती, कापड कुणी उचलत नव्हतं, तरी शुक्रवार सोडला तर त्यांनी एकही लूम थांबवला नव्हता. पडद्याकडे बघून म्हणाले, "हे विणकर बसून का हायत?"

"शेजारच्यानं रस्ता अडवलाय बाबा. गिऱ्हाईक नाही. त्यांना शेतावर धाडणार आहे."

"न्हाय, चालू कर. लूम थांबला की कारीगर मुलखाला जातो. गेलेला परत येत न्हाय."

गेममधला कारीगर कुठे जातोय मुलखाला! पण ते हलेनात, म्हणून मी वैतागून चालू केले. कापडानं कोठार भरलं, धान्य संपलं, माणसं उपाशी मेली. शेजारच्याची चिमूटभर फौज सरळ आत आली.

"बघ, फौज असती तर," भाऊ म्हणाला.

"आणि तिला खायला काय घातलं असतंस, कापडाची थानं?"

बाबांनी एवढंच विचारलं, "कोण आला व्हता?" मी शेजारच्या राजाचं लाल निशाण दाखवलं. त्यांनी मान हलवली. कोण आलं ते कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

खाली तेच चाललं होतं. गाळा भरला, मग थानं आमच्या झोपायच्या खोलीत आली. मी भांडले. निदान दोन लूम तरी बंद करा म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्या राज्यात जात न्हाय कारीगर. हितं जातो." मला इतका राग यायचा, आणि त्यांचं चूक आहे असंही धड म्हणता यायचं नाही. शेवटी उधारीवर सूत मिळेनासं झालं आणि लूम आपोआप थांबले. कारीगर मुलखाला गेले ते गेलेच.

लूम भंगारात गेले. आख्खे कुणी नेत नाही, बिडाचे असतात, घणानं फोडून तुकडे टेम्पोत भरतात. आम्ही दोघं भावंडं गाळ्याच्या दारात उभी होतो. फौजेचा विषय त्यानंही काढला नाही, कोठाराचा मीही नाही. शेवटचा लूम फुटला तेव्हा बाबा माझ्याकडे वळले.

"कोण आला व्हता गं?"

मी रस्त्याकडे बघितलं. भंगारवाल्याचा टेम्पो तेवढा उभा होता.