टाकीवरचं ठिगळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी फायबरच्या टाक्या दुरुस्त करायचो. चादरींचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यांत तेजाबाच्या टाक्या असत. तडा गेला की मला बोलावणं यायचं. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर राळ — झालं ठिगळ. पण त्याआधी ती जागा धुऊन, वाळवून, चकाकी जाईपर्यंत घासावी लागते. नाहीतर राळ धरतच नाही. हे मीच सगळ्यांना ऐटीत शिकवायचो!

त्या दिवशी मला तीनच्या खेळाला जायचं होतं. होय — सिनेमाला. जागा ओलसर होती, चकचकीत होती. मी नुसतं फडकं फिरवलं आणि ठिगळ मारून मोकळा झालो. सकाळी नाणं वाजवून पाहिलं. पक्क्या जोडावर ते खणखणीत वाजतं. इथं बद्द वाजलं. मला ऐकू आलं नव्हतं का? आलं होतं. वरून रंग फासला आणि टाकी भरा म्हणालो.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एके दिवशी निरोप — टाकी फुटली, नरसय्या भाजला. नरसय्या म्हणजे टाकीत सूत बुडवणारा कामगार, माझा चहाचा सोबती. मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. फरशीवर माझं ठिगळ पडलं होतं — सबंध, कुठंही न फाटलेलं. उलटं करून पाहिलं. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत. एका ठिकाणीसुद्धा धरलं नव्हतं! इतके दिवस तो माणूस कशाच्या भरवशावर तिथं उभा होता?

आणि मी काय केलं? कुणी यायच्या आत ते बॉयलरच्या भट्टीत टाकलं. मालक म्हणाले, नरसय्यानंच सूत ढवळताना बांबू आपटला असणार.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बांधलेले. तो उलट माझीच समजूत घालायला लागला —

"तुमचं काम पक्कं असतंय की. बांबू माझाच लागला आसंल."

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "आसंल."

पुढं त्याचं काम गेलं. बऱ्याच वर्षांनी तो वारला तेव्हा त्याच्या घरी भेटायला गेलो, तर त्याची मुलं मलाच सांगत होती — टाकी आमच्या बापाच्या हातून फुटली होती. मान खाली घालून सांगत होती. मी ऐकून घेतलं.