सिंकखालचा कॉक

डिशवॉशर बिघडलेला असावा, अशी मी त्या शुक्रवारी देवाला विनवणी करत होते. नवा कोरा डिशवॉशर. लोक हसतील, पण मला तेच हवं होतं.

मशीन सुरू केलं की जरा घरघरायचं, पाणी न घेताच थांबायचं आणि नळाचं लाल चिन्ह लुकलुकायचं. अशा वेळी पहिली शंका मशीनला पाणी सोडणाऱ्या, सिंकखालच्या कॉकची. तो कुणीतरी बंद केला असणार. घरात माणसं दोनच, आई आणि मी. मी केला नव्हता. आईला विचारलं, तर ती फणकारली, "मी कशाला हात लावू तुझ्या त्या पेटीला?"

बाबा गेल्यावर आई अंबरनाथचं घर सोडून माझ्याकडे कात्रपला आली. मध्यंतरी ती एकटीच अंबरनाथच्या शिवमंदिरात गेली आणि परतीचा रस्ता विसरली. जिथे तिचा सगळा संसार झाला, तिथल्या फुलवाल्याने मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं थोडं. पण स्वतः केलेली गोष्ट 'मी केलीच नाही' म्हणू लागल्या, तर लगेच घेऊन या. तेव्हापासून मी घरात पोलिसासारखी वावरते. मन चिंती ते वैरी न चिंती.

त्यात शुक्रवार. त्या दिवशी आमच्या सोसायटीला पाणी येत नाही, टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. अंबरनाथलाही असंच असायचं. एकदा कोरडा नळ उघडा ठेवून आम्ही लग्नाला गेलो, मागे पाणी आलं आणि घरात गाद्या तरंगल्या. तेव्हापासून पाणी वाहिल्याचा आवाज आला की आई हातातलं टाकून उठायची आणि बंद करून यायची.

म्हणून मी कॉक सोडून सगळं तपासलं. पाइप कुठे दुमडलाय का पाहिलं. मग तो मशीनपासून सोडवला. त्याआधी कॉक बंद करायचा असतो, पण त्याच्याकडे बघायचीच माझी छाती होत नव्हती. खाली बादली धरली. बादलीत चार थेंब पडले. वर सिंकच्या नळाला तर चांगली धार होती. मला तेव्हाच कळलं, पण मी ते मानलं नाही. पाइपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात चिमूटभर गाळ सापडला. मला इतका आनंद झाला की मी तो आईला नेऊन दाखवला. जाळी ब्रशने घासली, पाइप जोडला, बटण दाबलं. पुन्हा लाल चिन्ह.

आई टेबलाशी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा चाललाय तुझा. तो खालचा कॉक बघितलास का आधी?"

आता सुटका नव्हती. मी सिंकखाली हात घातला. कॉक घट्ट बंद होता.

उघडला. बटण दाबलं आणि मशीनमध्ये पाणी धो धो पडू लागलं.

"बघ! कुणी केला होता बंद?" आईने विचारलं.

"मीच केला असेन," मी म्हणाले. तिच्यासमोर बसून मीही मेथीची जुडी ओढली. खरंच मीच केला असेन, असं स्वतःला पटवत राहिले. सकाळच्या घाईत माणूस काय काय करतं. जवळजवळ पटलंच होतं.

आई मावशीच्या गुडघ्याचं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता उठली, सिंकपाशी वाकली, कॉक फिरवला, पदराला हात पुसले आणि परत येऊन मेथी निवडू लागली. मावशीचा गुडघा मध्ये कुठेही थांबला नाही.

पाण्याचा आवाज मात्र थांबला. थोड्या वेळाने लाल चिन्ह लुकलुकायला लागलं.

आईने मान वळवून मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, आता काय झालं त्याला?"