किती वेळ रोकायचं?

माधव नगरात मराठी घरात कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा गोपाळराव मुळ्यांना. प्रश्न एकच, "काका, पोरगा बाहेर आहे. किती वेळ रोकायचं?"

गोपाळरावांनी तीस वर्षं रेल्वेच्या पूछताछ खिडकीवर काढली. विमानात ते जन्मात बसले नाहीत, पण हैदराबाद दीड तास, पुणं सव्वा तास हे त्यांना तोंडपाठ. "सामान आणू नको म्हणावं, पट्ट्यापाशी अर्धा तास जातो. इंदूरला उतरल्यावर इथवर सव्वा तास धरा. साडेचारला सीधा चक्रतीर्थाच्या स्मशानात." आणि पोरगा साडेचारला हजर. आमच्याकडे पोरं पंख फुटले की उडतात, मागे हिशेब करायला म्हातारे उरतात. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

यंदा जानेवारीत सकाळी सातला त्यांची बायको मंगला गेली. आजारात तिने एकच मागितलं होतं, सौमित्र आल्याशिवाय मला हलवू नका. सौमित्र त्यांचा मुलगा, बेंगळुरूला नोकरीला. गोपाळरावांनी तिला तसा शब्द दिला होता.

मी शेजारी, म्हणून मोबाईलवर विमानं बघायचं काम माझ्याकडे आलं. बेंगळुरू ते इंदूर अकराशे किलोमीटर, दोन तास. दुपारच्या विमानात नऊ जागा होत्या. गोपाळराव डोळे पुसत म्हणाले, "पाचला पोचेल. उजेड असेल तेव्हा."

त्यांनी सौमित्रला फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, आज एकही सीट नाहीये. मी चेक केलं. तुम्ही आटपून घ्या, मी दहाव्याला येतो."

मी त्यांच्यासमोर मोबाईल धरला. त्या नऊ जागा त्यांनी पाहिल्या, अगदी नीट पाहिल्या. मग म्हणाले, "बरं बेटा."

बाहेर अंगणात तीसेक माणसं होती. गोपाळराव दारात उभे राहिले. "बेंगळुरूला धुकं आहे. विमानंच सुटत नाहीयेत. चला, उचलू या." कुणी शंका घेतली नाही. त्यांचं गणित कधी चुकलेलंच नव्हतं. अग्नी त्यांनीच दिला. मी गप्प राहिलो, त्याची मला अजून लाज वाटते.

दहाव्याला सौमित्र आला, ताजातवाना, पाठीला लॅपटॉप.

"बाबा, दोन तासांत पोचलो. कळलंसुद्धा नाही."

समोरच्या शोभाताई कळवळून म्हणाल्या, "त्या दिवशी धुक्याने किती परेशान केलं रे तुला! आईचं तोंडही दिसलं नाही."

"धुकं? कसलं धुकं? मला तर ऑफिसमधून निघताच येत नव्हतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं ते गोपाळरावांकडे. पोराकडे कुणीच पाहिलं नाही.