अर्विंगमधली प्रचारफेरी

१९८६च्या डिसेंबरात मी टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये त्रिनिदादच्या निवडणुकीचा प्रचार केला. त्या बेटावर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आजही ठेवलेलं नाही. मला तिथे मत नव्हतं, अमेरिकेत नव्हतं, आणि नागपुरातलं होतं ते लग्नानंतर कुठे गेलं हे विचारायची मी तसदी घेतली नव्हती. एकूण प्रचारक म्हणून माझी लायकी ही अशी होती.

हे सगळं घडलं आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींमुळे. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यावर राबायला जहाजाने भारतातून त्रिनिदादला गेलेले. चार पिढ्यांत भाषा गेली, नात्यांचे शब्द मात्र राहिले. त्या इंग्रजीत बोलायच्या, तेही त्यांच्या बेटाच्या हेलात, पण वडिलांच्या आईला आजीच म्हणायच्या. पहिल्या भेटीत मी त्यांना ‘आंटी’ म्हटलं तर त्यांनी नाक मुरडलं. मौसी म्हण, म्हणाल्या. आमच्या घरात त्यांची मावशी झाली आणि मी त्यांची बेटी.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे न पाहिलेले काका, जन्मभर विरोधी पक्षात. दर निवडणुकीला ते गाडीच्या टपावर भोंगा बांधून उसाच्या गावांतून फिरायचे. घसा बसायचा आणि पक्ष आपटायचा, दोन्ही ठरलेलं. तीस वर्षं देशावर एकाच पक्षाचं राज्य होतं. काका गेले तेव्हाही तेच होतं. मग मावशी मुलाकडे अर्विंगला आल्या. मुलगा विमानतळावर नोकरीला होता. आणि आता, काका नसताना, विरोधकांनी पहिल्यांदाच नीट मोट बांधली होती. या खेपेला सरकार पडणार असं तिकडून येणारा प्रत्येक फोन सांगत होता.

नेमकं त्याच महिन्यात मावशींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. इथे बसून मत देता येत नव्हतं. दोन दिवस त्या डॉक्टरांच्या नावाने खडे फोडत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे गाड्यांची प्रचारफेरी निघते, ती इथेही निघेल. गावात त्रिनिदादची चार-पाच घरं होती, त्यांना फोन गेले. मुलाने समजावून पाहिलं की अर्विंगमध्ये त्या निवडणुकीचा एकही मतदार नाही. त्यावर, काकांनी असा एकही रविवार चुकवला नव्हता, एवढंच उत्तर मिळालं. मावशींची जुनी लांबलचक स्टेशन वॅगन फेरीत हवीच होती. त्यांच्या डोळ्यावर पट्टी. म्हणून ती गाडी मी चालवायची, असं मला न विचारता ठरलं.

माझ्या ड्रायव्हिंगची कीर्ती सगळ्या अपार्टमेंटला ठाऊक होती. उन्हाळ्यात लायसन्स मिळालं आणि पंधरवड्याच्या आत मी कॉम्प्लेक्सबाहेर वळताना नागपूरच्या सवयीने सरळ डाव्या बाजूला शिरले. समोरून ट्रक आला. मी फुटपाथवर चढले आणि कुणाची तरी टपालपेटी आडवी केली. कुणाला इजा झाली नाही, पण किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. नवऱ्याने मुकाट्याने नवी टपालपेटी आणून बसवली. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यातच एका हॉस्पिटलच्या लॅबमधून मला नोकरीचा फोन आला होता. मायक्रोबायोलॉजी, माझा स्वतःचा विषय, जो मी दोन वर्षं पोळ्या लाटत विसरायचा प्रयत्न करत होते. पण शिफ्ट पहाटेची, बस नाही आणि नवऱ्याचं ऑफिस विरुद्ध दिशेला. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. नवऱ्याला मी हेही सांगून टाकलं होतं की घरातच बसायचं असेल तर मी नागपूरच्या घरात जाऊन बसते, आणि परत येईनच असं नाही. हे मी चिडून म्हटलं, पण खोटं म्हटलं नव्हतं.

मावशींना मी हे सगळं सांगितलं, गाडी चालवायला लागू नये म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्याकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, बेटी. मी शेजारी बसते. तू चुकलीस की ओरडते,” त्या म्हणाल्या.

रविवारी मी लाल स्वेटर घालून खाली गेले. मावशींनी एका डोळ्याने मला असं पाहिलं की मी दारातच थांबले. लाल हा सत्ताधाऱ्यांचा रंग होता. तिकडून पार्सलने आलेला त्यांच्या पक्षाचा ढगळ टी-शर्ट माझ्या अंगावर, स्वेटरच्याही वरून, चढवण्यात आला. नवरा मागच्या सीटवर बसला. त्याने आधीच सगळ्यांना बजावलं होतं, “हे बघा, हॉर्न कुणी वाजवायचा नाही. चर्चची वेळ आहे, पोलिस टिकिट देतील, दंड बसेल.” गाड्या एकमेकींना चुकू नयेत म्हणून सगळ्यांनी हेडलाइट लावले. थंडीमुळे काचा बंद. कॅसेटवरची निवडणुकीची गाणी आमची आम्हालाच ऐकू येत होती. आमची गाडी मधोमध होती.

पहिला मैलभर मी फक्त पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहिले. मावशी दोनदा ओरडल्या. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की रस्ता विचित्र वागतोय. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला जाऊन थांबत होत्या. मोठ्या चौकात आमचा दिवा लाल झाला, पुढच्या गाड्या ताटातूट होईल म्हणून घाबरून तशाच गेल्या, मीही गेले, तरी आडव्या रस्त्यावरची माणसं हिरव्यावर खोळंबून उभी राहिली. एक म्हातारा पिकअपमधून खाली उतरला आणि त्याने हॅट काढून छातीशी धरली. या देशात लोकशाहीला किती मान आहे, असं मला वाटलं. मावशींनी त्याच्याकडे बघून हात हलवला. म्हातारा चक्रावला.

मागून नवरा खोल आवाजात म्हणाला, “अगं, त्यांना ही कुणाची तरी फ्युनरल वाटतेय.”

इकडे अंत्ययात्रा अशीच जाते, हेडलाइट लावून, सावकाश, एकामागे एक. मला वाटलं मावशींना लागलं. इतक्या वर्षांनी पक्षाचे दिवस फिरले आणि लोक त्याला खांदा द्यायला उभे. पण त्या हसायला लागल्या. पट्टीवर हात दाबून, डोळ्याला धक्का लागू नये म्हणून जपून, आणि तरीही अंग गदगदा हलेपर्यंत हसल्या.

“मग हॉर्न वाजव,” त्या म्हणाल्या. “मेलेली माणसं हॉर्न वाजवत नाहीत.”

मी वाजवला. आधी दबकत, मग मनसोक्त. पुढच्या गाड्यांनी धरला, मागच्यांनी धरला, काचा खाली झाल्या, गाणी बाहेर पडली. म्हाताऱ्याने हॅट पुन्हा डोक्यावर घातली. फेरी संपायची होती त्या पार्कात पोचून दालपुरी हातात पडेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही की अर्धा रस्ता मी एका हाताने गाडी चालवली होती. परतताना गाडी कोण चालवणार, हे कुणी विचारलंच नाही.

सोमवारी तिकडे मतदान झालं आणि इकडे मी लॅबला हो सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या घरात फोन खणखणत होता. त्यांचा पक्ष नुसता जिंकला नव्हता, समोरच्यांचा धुव्वा उडाला होता. मावशी काकांच्या फोटोसमोर बसल्या होत्या, गालावर ओघळ होते. माझी बातमी ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “आपल्या दोन्ही जागा आल्या.”

पुढे ती मोट सुटली. मंत्री एकमेकांच्या उरावर बसले, आणि मावशी स्वयंपाकघरात त्यांना यथेच्छ शिव्या घालायच्या. मी कामावरून येताना थांबून ऐकायची. माझी नोकरी मात्र टिकली, माझा संसार टिकला, आणि पहाटे किल्ली फिरवताना त्या बाईबद्दल मनात जे यायचं त्याला कृतज्ञता हा शब्द अपुरा आहे, पण माझ्याकडे दुसरा नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं असतं तर त्यांनी नाकच मुरडलं असतं.

१९८९च्या शरदात मावशी गेल्या. त्यांच्या मुलाने सगळ्यांना हेडलाइट लावायला सांगितलं. मी माझी गाडी घेऊन मधोमध होते, शेजारी नवरा. तोच रस्ता, तोच मोठा चौक. समोरच्या गाड्या कडेला जाऊन थांबल्या. माणसांनी टोप्या काढल्या.

मी हॉर्न दाबला आणि दाबून धरला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, हात धरला नाही. पुढून, शववाहिकेच्या मागच्या गाडीतून, मावशींच्या मुलाने हॉर्न वाजवला. मग मागच्या सगळ्यांनी. चौक ओलांडून पार पलीकडे जाईपर्यंत आम्ही वाजवत राहिलो.