नीज आली त्याने आधी हाळी द्यायची

रानशेतच्या फाट्यावर नाशिकची एसटी थांबली तेव्हा बाबांनी आधी माझी बॅग चढवली, मग मला. बॅगेत त्यांनी इतके चिकू भरले होते की पुस्तकांना जागा उरली नव्हती. पुस्तके मी हातात धरली होती. कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीशी टेकतो न टेकतो तोच बाबांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून लांब हाळी दिली, "होऽऽऽ." भाताच्या राखणीला देतात तशी. बसमधली दोन-चार माणसे हसली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून विचारले, "काय झालं त्यांना?" मी म्हणालो, "काही नाही. माझे वडील आहेत." हाळीला ओ द्यायची असते. मी दिलीही, पण तोंडातल्या तोंडात. ती त्या बाईंनाही ऐकू गेली नसेल.

तुमच्यातले जे पाड्यावर राहिले त्यांना राखण सांगायची गरज नाही. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्या मुलांसाठी लिहून ठेवतो. भात पिकायला लागले की रानडुकरे उतरतात. प्रत्येकाच्या शेतात बांबूचा उंच माळा असतो आणि त्यावर एक माणूस जागत बसतो. अधूनमधून तो शेजारच्या माळ्याला हाळी देतो, शेजारचा ओ देतो. ओ आली नाही, तर हातातले काम टाकून त्या माळ्याकडे चालू लागायचे, मग तो शेजारी भांडणातला का असेना. लहानपणी मला वाटायचे की दुसरा जागा आहे की नाही, हे तपासायला बाबा ओरडतात. तसे एकदा म्हणालो, तर ते हसले. "नाय रे पोऱ्या. ज्याला नीज आली त्याने आधी हाळी द्यायची. जागा आहे तो कशाला ओरडंल?"

नाशिकला मी ग्रंथालयशास्त्र शिकलो आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. नव्या शहरात बरेच शब्द नव्याने शिकावे लागले. त्यातला एक 'बसणे'. सहकारी विचारायचे, "शनिवारी बसायचं का?" आमच्याकडे माणसे ओट्यावर बसतात, झाडाखाली बसतात, कुणाच्या दुःखात जाऊन बसतात. इथे नुसते बसायचे म्हणजे प्यायचे. मी बसू लागलो. पुढे शनिवारची वाट बघेनासा झालो, आणि मग कुणाचीच. काळ्या पिशवीत बाटली आणायची, खोलीचे दार लावायचे, पंखा मोठा करायचा, पुस्तक उघडून समोर ठेवायचे. पान उलटायचे राहून जाई.

दारू मला शहराने दाखवली असे म्हणणे खोटे होईल. बाबा ताडाला मडकी लावायचे. पहाटेची गोड नीरा आम्हा पोरांना मिळायची, ऊन चढल्यावर तिची ताडी व्हायची आणि ती मोठ्यांची. पिऊन माणसे भांडायची, रडायची, कधी बायकांवर हातही टाकायची. तेव्हाचे सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. पण दार लावून कुणी पीत नव्हते. लावायला धड दारे तरी कुठे होती.

एकदा बाबा न कळवता नाशिकला आले. दुपारची वेळ होती, मी रजा टाकून खोलीत होतो. मी दार उघडताच त्यांनी वास घेतला, ग्लास बघितला, मग खोलीत इकडेतिकडे पाहिले. आणखी कुणी बाथरूममध्ये वगैरे असेल असे त्यांना वाटले असावे. "एकटाच?" त्यांनी विचारले. मी मान डोलावली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. ते खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "मग पयला थेंब कुणाच्या नावाने टाकतोस?"

आमच्याकडे पिण्याआधी चार थेंब जमिनीवर टाकतात, गेलेल्यांच्या नावाने. त्या खोलीतल्या पांढऱ्या फरशीवर मी कधी काही टाकले नव्हते. सांडले तर लगेच पुसायचो. बाबा दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी 'सोड' म्हटले नाही. म्हणायचा हक्क आपल्याला आहे असे त्यांना वाटत नसावे. मी मात्र त्या आठवड्यात दिनेशला फोन केला.

दिनेश तलासरीचा. आश्रमशाळेत आम्ही एका बाकावर होतो, आता तो अंबडच्या एका कारखान्यात होता. मला जे सुटत नव्हते ते त्यालाही सुटत नव्हते, हे आम्हा दोघांना ठाऊक होते आणि त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. तो भेटायला आला तो वनिताला घेऊन. वनिता मसोलीची, नर्सिंग करत होती. तिची आई मासळी सुकवून विकते. आम्ही दोघे तिच्यासमोर गप्प बसलो, तर ती म्हणाली, "तोंडं काय बघताय? मीसुद्धा पिते. होस्टेलच्या गच्चीवर. तुमची तेवढी दारू, आणि आमचं काय सरबत?"

आम्ही तिघांनी सोडायचे ठरवले, आणि पहिल्याच पावलाला चुकलो. रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून विचारायचे, असे ठरले होते. "घेतलीस का?" दिनेश विचारायचा. मी नाही म्हणायचो, कधी खरे, कधी खोटे. खोटे बोललो की फोन ठेवून आणखी प्यायचो. दिनेशचेही तेच चालले होते. वनिता तर चिडलीच. "तुझा फोन आला की मला आमच्या रेक्टरबाईच आठवतात," ती त्याला म्हणाली. "विचारलं की मी खोटं बोलणार. माझा स्वभावच तो."

तेव्हा मला माळा आठवला. मी त्यांना बाबांचे वाक्य सांगितले. तपासायचे नाही. ज्याला नीज आली त्याने आधी हाळी द्यायची. ऐकणाऱ्याने कुठे आहेस, का, किती, काही विचारायचे नाही. नुसती ओ द्यायची. ओ नाही आली, तर तिसऱ्याने उठून चालू लागायचे. दिनेशने फोनवर गट काढला आणि त्याला 'राखण' नाव दिले. त्यात आजवर हाळीचा 'हो' आणि ओचा 'हो' याशिवाय फारसे काही लिहिलेले नाही. कुणी बघितले तर त्याला वाटेल की ही माणसे एकमेकांच्या सगळ्याच म्हणण्याला मान डोलावतात.

ते सोपे नव्हते. दिनेश एकदा घसरला आणि बरेच दिवस गटात दिसला नाही. वनिता आणि मी त्याच्या खोलीवर गेलो, भात लावला, काही बोललो नाही. ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "निदान शिव्या तरी द्या." वनिता म्हणाली, "आधी जेव. शिव्या उपाशीपोटी पचत नाहीत." पुढे एकदा त्याचा 'हो' आला तो बारच्या पायरीवरून. आम्ही दोघांनी ओ दिली. तो पायरी उतरून घरी गेला. मीही असाच कितीदा काळ्या पिशवीच्या दुकानासमोरून परत फिरलो. वनिताला वॉर्डात 'हो' लिहिताना एका आजोबांनी विचारले होते, "लग्नाला होकार देतेस काय गं?"

बाबांना मी दारू सोडल्याचे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "बेस केलंस." मग हसत, "पण माझ्या दिवसाला माझ्या नावाचा घोट तरी घेशील ना?" मी म्हणालो, "बघू." दोघेही हसलो. ते बोलणे तिथेच राहिले.

यंदा भात कापून झाल्यावर बाबा गेले. डॉक्टर यकृत म्हणाले, काका वय म्हणाले. मी दोघांशीही वाद घातला नाही.

त्यांच्या दिवसकार्याला दिनेश आणि वनिता आले होते. अंगण सारवलेले होते, माणसे पंगतीने बसली होती. बाबांच्याच ताडावरून काकांनी सकाळी ताडी उतरवली होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघे मिळून झाडांवर चढायचे. त्यांनी पळसाच्या पानाचा द्रोण भरला आणि माझ्या हातात दिला. "इलास, चार थेंब टाक आणि तू घे. थोरला तू. तू ओठाला लावल्याबिगर कुणी घ्यायची नाय."

थेंब मी टाकले. उरलेला द्रोण हातात राहिला. नाशिकच्या बाटलीचा वास असता तर मला जमले असते. त्या वासाला नाही म्हणायला मी शिकलो होतो. हा वास बाबांचा होता. संध्याकाळी ते घरी येत तेव्हाचा, त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचा, फाट्यावर मला बसमध्ये चढवले तेव्हाचा. मागून कुणी तरी म्हणाले, "शिकलेला झाला ना आता, आपली कशी चालंल?" काका हळू आवाजात म्हणाले, "नुसती ओठाला लाव रे. भाऊच मागतोय असं समज." तेच तर मला वाटत होते. आणि मला हेही ठाऊक होते की माझ्या ओठाला लागलेली ओठावर थांबत नाही. घेतली नाही तर बाबांना निरोप देत नव्हतो. घेतली तर पुन्हा त्या खोलीत, लावलेल्या दाराआड जात होतो.

समोर कापलेले शेत होते आणि त्यात बाबांचा माळा, रिकामा. मी त्याच्याकडे तोंड केले आणि हाळी दिली, "होऽऽऽ."

आधी वनिताची ओ आली, बारीक आवाजात. मग दिनेशची. अंगणात कुणी हसले नाही. क्षणभराने पंगतीच्या टोकाला बसलेल्या, आमच्या शेजारच्या शेताच्या म्हाताऱ्या रावजीकाकांनी मान वर केली आणि ओ दिली. त्यांचे आणि बाबांचे बांधावरून सहा-सात वर्षे बोलणे नव्हते. मग आणखी एकाने, मग बायकांतून आत्याने. हाळी आली की ओ जाते. त्यात विचार करायचा नसतो. शेवटी माझ्या काकांची आली.

त्यांनी माझ्या हातातला द्रोण घेतला. मला वाटले, ते स्वतः पितील. त्यांनी तो सगळा जमिनीवर ओतला. "चार थेंबांत त्याचं कवा भागलं होतं?" ते म्हणाले, आणि माणसे हसली, रडता रडता. पंगत सुरू झाली. प्यायचे ते प्याले. माझ्यासमोर आत्याने पाण्याचा तांब्या ठेवला.

आता रानशेतला माझे म्हणावे असे थोडेच उरले आहे. माळा यंदा मोडून पडेल. लोक विचारतात, गावी जातोस का, आणि मला नेमके उत्तर देता येत नाही. कारण मी निघालो तेव्हा घर मागे राहते असे मला वाटले होते, आणि ते मागे राहिलेच नाही.

परवा संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तके मांडत होतो. वाचनकक्ष भरलेला होता. काकांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. मी कानाला लावला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मागे कुठे तरी कोंबड्या. मग काका म्हणाले, "हो." एवढेच. हाळी नव्हेच ती. निघताना बसमध्ये मी दिली होती तशी, तोंडातल्या तोंडात.

या कक्षात कुणी मोठ्याने बोलू नये, याचाच मला पगार मिळतो. मी हातातली पुस्तके जागेवर ठेवली, आणि रानशेतपर्यंत पोहोचेल अशी ओ दिली.