मागे पांढरं हवं

गादीवाल्याच्या दुकानावरून जाताना कापसाचा वास आला की अजून माझा हात मानेकडे जातो. पुलगावजवळच्या आमच्या घरात त्या वर्षी पुढची खोली वेचलेल्या कापसाने आढ्यापर्यंत भरलेली होती. नर्सिंग संपवून मी नोकरीसाठी मोबाइलवर एका ॲपमध्ये मुलाखतीचा सराव करत होते. त्यातल्या व्हिडिओत सांगितलं होतं, मागे पांढरी भिंत हवी. आमच्या भिंती निळ्या, म्हणून मी त्या ढिगालाच टेकून बसले. मान खाजत होती. ॲपमधल्या बाईच्या आवाजाने विचारलं, “स्वतःबद्दल सांगा,” आणि पाठ केलेलं सगळं उडालं. स्क्रीनवर सेकंद कमी होत चालले. दारात उभ्या आईला वाटलं, पलीकडे खरंच कोणी मॅडम बसल्यात. डोक्यावर पदर घेऊन ती मोबाइलपुढे वाकली, “पोरगी भेली जी मॅडम. पण कामाले मांगं नाई हटत. घ्या तिले.” तेवढ्यात वेळ संपला. त्या ॲपला शब्द नाही, नुसता आवाज कळायचा. निकाल आला, ‘आवाज ठाम, आत्मविश्वास उत्तम.’ आईच्या आवाजाचं ते रेकॉर्डिंग मी अजून पुसलेलं नाही. उद्या पुन्हा एक मुलाखत आहे, आणि सकाळपासून मी तेवढंच लावून बसले आहे.